याव म्हणजे एक

ज्या पत्राला आपण कधीच उत्तर दिलं नाही ते पत्र यानला आठवलं, ते दवाखान्यातल्या औषधांच्या खिडकीसमोर चुकीच्या नंबराला उठून उभा राहिल्यावर. हातातल्या चिठ्ठीवर एकतीस होता आणि खिडकीतल्या मुलीनं सदतीस पुकारला होता. चिनीत एक म्हणजे ई, सात म्हणजे छी. दोहोंत फरक तो काय एका फुसकाऱ्याचा, आणि तो फुसकारा गेल्या वर्षभरात त्याच्या कानातून गळून गेला होता, सदऱ्याचं बटण वाटेत कुठंतरी गळावं तसा. "छी म्हटलं मी आजोबा, छी!" मुलगी काचेआडून म्हणाली. "तुमचा यायचाय अजून. बसा." मागच्या बाकावरून कुणी म्हणालं, "बसा हो निवांत, विमान नाही सुटत तुमचं." दोघं-तिघं हसली. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. सकाळच्या वेळी बीजिंगच्या कुठल्याही दवाखान्यात माणसं असं हसतातच. पण यान बसला तेव्हा त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. पंधरा मिनिटांपूर्वीच वरच्या मजल्यावर कानाच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला सांगितलं होतं, की वरच्या पट्टीतले आवाज तुम्हाला ऐकू येत नाहीत. कधीपासून, असं त्यानं विचारलं. कागदावरून मान वर न करता त्या म्हणाल्या, "ते कसं सांगणार? काहींचे तरुणपणीच जातात. त्यांना पत्ताही नसतो." हे वाक्य घेऊन तो जिना उतरला होता. आता ते त्याच्या शेजारी बाकावर येऊन बसलं.

काहींचे तरुणपणीच जातात. म्हणजे अडतीस वर्षांपूर्वीही? त्या सोमवारीही? अडतीस वर्षं एका माणसाचा द्वेष करायचा, तो रोज सकाळी उठून दात घासावेत तसा नेमानं करायचा, आणि चौऱ्याहत्तराव्या वर्षी एका अनोळखी बाईनं कागदावर पेन टेकवत म्हणायचं, की कदाचित तुमचाच कान. यानला स्वतःवर शंका घ्यायची सवय पहिल्यापासूनची. दाराला कुलूप लावून तो तीनदा परत येई. वाचलेल्या पुस्तकातलं वाक्य कुणाला सांगायची वेळ आली की ते आपण खरंच वाचलं की स्वप्नात पाहिलं, असं त्याला वाटू लागे आणि तो गप्प बसे. एका गोष्टीवर मात्र त्यानं कधी शंका घेतली नव्हती, निदान मोठ्यानं नाही. त्या सोमवारी शेजारच्या टेबलावरच्या खौनं एकाला 'याव' म्हटलं नव्हतं. 'ई' म्हटलं होतं.

तारेवर एकाला ई म्हणायचं नाही, हा नियम त्यांच्या खोलीत भिंतीवर लाल अक्षरांत टांगलेला होता. टेलिफोनवर ई आणि छी एकसारखे ऐकू येतात, म्हणून विमानखात्यातली माणसं एकाला याव म्हणत, साताला क्वाय, दोनाला लियांग आणि शून्याला तुंग. घरी बायकापोरांशी बोलतानाही ती सवय सुटत नसे. देशभरच्या विमानतळांवरून वेळा टेलिफोननं येत. ग्वांगझो, चेंगडू, उरुमची, हार्बिन, लानझो. त्या चिठ्ठ्यांवर उतरवल्या जात, आणि मग एकानं चिठ्ठी वाचायची, दुसऱ्यानं मोठ्या चौकटीच्या कागदावर भरायचं, असं दिवसभर चाले. खोलीत तीन टेबलं होती. खिडकीपाशी खौ थिंग वाचायला. भिंतीकडे तोंड करून यान भरायला. दाराजवळ शाङ ह्वेयुन, ती भरलेले कागद छापखान्यासाठी टंकत असे. खौ यानपेक्षा वर्षानं मोठा, पण पहिल्या दिवसापासून तो त्याला 'श्याओ यान' म्हणे, धाकटा यान. जसं काही खौ दाढी करत होता तेव्हा यान पाळण्यात होता. खौचा आवाज चांगला होता, भरदार, रेडिओवर शोभेल असा, आणि वाचताना तो सूर्यफुलाच्या बिया फोडत असे. टरफलं चहाच्या पेल्याच्या झाकणात पडत. त्या सोमवारी लानझोहून बीजिंगला येणारं विमान वाचताना त्याच्या दातांत बी होतं, हे यानला पक्कं आठवत होतं. याव, मग बी फुटल्याचा कट्ट असा आवाज, मग ई, लियांग, तुंग. यावनंतर आलेली ई त्याला छी ऐकू आली. त्यानं सतरा वीस लिहिलं. चिठ्ठीवर अकरा वीस होतं.

उन्हाळी वेळापत्रकाची पुस्तिका सतरा वीस घेऊन देशभर गेली. बीजिंगहून जातानाच परतीचं तिकीट काढलेली तेवीस माणसं एका दुपारी चार वाजता, लानझो शहरापासून सत्तर किलोमीटर लांब असलेल्या त्या माळावरच्या विमानतळावर पोचली, तेव्हा विमान बीजिंगला येऊन धुतलंही गेलं होतं. तेवीसांत एक मोठे साहेब होते. म्हणून खात्याच्या साहेबांपुढं चौकशी झाली. नुसती बावीस साधी माणसं असती तर कुणी विचारलंही नसतं. खौनं चिठ्ठी पुढं केली. चिठ्ठीवर अकरा वीस, स्वच्छ अक्षरात. यान म्हणाला, पण वाचताना हा ई म्हणाला. खौ म्हणाला, "दहा वर्षं झाली, मी आईशी बोलतानासुद्धा याव म्हणतो साहेब. हवं तर आईला विचारा." सगळे हसले. साहेब हसले तिथंच चौकशी संपली. यानला त्रेचाळीस माणसांपुढं कबुली वाचावी लागली, आणि ती लिहायला खौनंच मदत केली. हे यान कधी विसरला नाही. संध्याकाळी खुर्ची ओढून खौ जवळ बसला आणि म्हणाला, "'माझ्या कानाच्या निष्काळजीपणामुळे' असं घाल, श्याओ यान. 'मनाच्या' नको. मनाचं म्हटलंस तर फार लांब जाईल ते." आणि याननं घातलं. आभारसुद्धा मानले. पुढं पुष्कळ वर्षं त्याला रस्त्यात चालता चालता मधेच थांबायला होई, ते या आभारांपाशी.

पत्र आलं ते कबुलीच्या आदल्या दिवशी. त्याच्या टेबलाच्या खणात, निळ्या टंकलेखन-कागदाच्या चतकोरावर, पण हातानं लिहिलेलं. ह्वेयुन दाराशी बसून दिवसभर टंकत होती आणि पत्र त्याच्या खणात होतं. 'मी ऐकलं. ते ई म्हणाले. तुम्ही म्हणत असाल तर मी उद्या साहेबांना तसं सांगेन. सांगू का?' एवढंच. खाली नावही नव्हतं. याननं त्या रात्रीत नऊ उत्तरं लिहिली. पहिल्यात आभार होते, दुसऱ्यात नको असं होतं, तिसऱ्यात हो, चौथ्यात तुम्हाला त्रास होईल, पाचवं फक्त तिच्या नावाशी थांबलं आणि पुढं सरकेना. आठव्यापाशी त्याला वाटलं, ही दयेनं म्हणते आहे. तिचं टेबल दाराशी, यंत्राच्या खडखडाटात तिला काय ऐकू येणार? नवव्यापाशी वाटलं, आणि ती सांगेल, साहेब खौला विचारतील, खौ आईचा विनोद करील, सगळे तिलाही हसतील, आणि ते सगळं माझ्या कानाच्या भरवशावर. सकाळी तो खोलीत शिरला तेव्हा तिनं एकदा मान वर करून पाहिलं. ती नजर किती वेळ होती? त्याच्या मते फार वेळ. तो आपल्या भिंतीकडे तोंड करून बसला. दहा वाजता सभागृहात जाऊन त्यानं कबुली वाचली. पुढच्या वर्षी शरदात ह्वेयुननं खौशी लग्न केलं. मिठाईच्या पुड्या खात्यात सगळ्यांना वाटल्या गेल्या. यानची पुडी तळघरात, रद्दी वेळापत्रकांच्या गोदामात पोचली, कारण तोपर्यंत त्याची बदली तिथं झाली होती. त्यानं ठरवून टाकलं की पत्र खोटं होतं. नवरा-बायकोनं, म्हणजे होणाऱ्या नवरा-बायकोनं, मिळून केलेली गंमत. असं ठरवल्यावर दोघांचाही द्वेष एकाच कामात उरकता येऊ लागला.

तळघरात त्याला काम जवळजवळ नव्हतंच. जुन्या पुस्तिका मोजून लगद्याच्या गाडीत भरायच्या. भरण्याआधी तो त्या वाचे. माणसं कादंबऱ्या वाचतात तशा तो वेळा वाची, आणि काही वर्षांत सबंध देश त्याला पाढ्यांसारखा पाठ झाला. कुठून कुठं, कुठं उतरून कुठं बसायचं, मधे किती वेळ, कुठलं धावपट्टीचं गाव धुक्याचं, कुठलं वाळूच्या वादळाचं. वरच्या मजल्यावरचे लोकही हळूहळू तळघरात चिठ्ठी पाठवू लागले की उद्या हार्बिनहून निघून परवा हायनानला पोचायचंय, कसं? तो अर्ध्या मिनिटात उत्तर देई. त्याच्या मनात मात्र या सगळ्या वाटांवर प्रवासी एकच होता. त्यानं खौला देशभर फिरवलं. हिवाळ्यात चेंगडूला उतरवून त्याला दाट धुक्यात दोन दिवस बाकावर झोपवलं. उरुमचीला पाठवलं, जिथं भिंतीवरचं घड्याळ बीजिंगची वेळ दाखवतं आणि माणसांच्या मनगटावर दोन तास मागची वेळ असते, आणि तिथं जेवायला बोलावणाऱ्या यजमानाच्या घड्याळावर विसंबून त्याचं विमान चुकवलं. शांघायला दुसरा विमानतळ झाला त्या वर्षी यानला कितीतरी दिवस निवांत झोप लागली. खौ जुन्या होंगचियाओला उतरतो आणि पुढचं विमान नव्या पूतोंगहून सुटतं, मधे सबंध शहर, हातात पन्नास मिनिटं, टॅक्सी पुलावर अडकलेली. ग्वांगझोचा जुना विमानतळ एका रात्रीत बंद होऊन सकाळी नवा सुरू झाला, तेव्हा याननं खौला पहाटे जुन्याच्या बंद दारासमोर, बॅगेवर बसवलं आणि पहारेकऱ्याकडून वदवलं, "वाचता येतं का काका? पाटी लावलीय." प्रत्येक ठिकाणी खौच्या हातात छापील पुस्तिका असे आणि पुस्तिकेतली वेळ बरोबर असे. चूक नेहमी खौचीच. याची यान काळजी घेई.

प्रत्यक्षात खौ चढत गेला. शेनयांगला मोठा अधिकारी झाला, तिथंच निवृत्त झाला, तिथंच राहिला. नववर्षाला एक छापील कार्ड येई, त्यावर ह्वेयुनच्या हस्ताक्षरात दोघांची नावं असत. यान ते पुस्तकात खूण म्हणून घाली.

यंदा कार्ड आलं नाही. मार्चच्या सुरुवातीला पत्र आलं, जाड पाकिटातलं, पत्ता वेड्यावाकड्या अक्षरात. पाचव्या मजल्यापर्यंत ते घेऊन आल्या त्या शेजारच्या फाङवहिनी, कारण खाली पेटीत तीन दिवस पडलेलं त्यांना बघवलं नाही. "घ्या. तुम्हाला पत्र लिहिणारं माणूस आहे म्हणायचं जगात," असं म्हणून त्या दारातच उभ्या राहिल्या, तो उघडायची वाट बघत. याननं त्यांच्यासमोर उघडलं नाही. वहिनींनी मुळ्याच्या लोणच्याची वाटी टेबलावर ठेवली, आणि तुम्हाला झालंय काय, सुनेचं पत्र आल्यासारखं तोंड करून बसलात, असं म्हणून गेल्या. तिथून पुढं तीन आठवडे पत्र शब्दकोशाखाली होतं. यानला ते पाठ झालं होतं.

'श्याओ यान,' असं ते सुरू होत होतं. ह्वेयुन जानेवारीत गेली. तिची राख तिला माहेरी हवी आहे, तेंगचोंगला, तशी तिची शेवटची इच्छा. तिचे मोठे भाऊ ऐंशीच्या पुढचे आहेत, त्यांनी शंभराव्या दिवसाचा मुहूर्त ठरवला आहे, दुपारी बाराच्या आत. बारा टळले तर या वर्षी जमीन उघडायची नाही, असं त्यांच्या घराण्यात आहे, आणि पुढच्या वर्षी भाऊ असतील की नाही, सांगता येत नाही. मूल आम्हाला नाही. तिकिटाच्या खिडकीतली मुलगी पडद्यावर सात वाटा दाखवते, मला सगळ्या सारख्याच दिसतात. ह्वेयुन नेहमी म्हणायची, देशात कुठूनही कुठं जायचं असो, श्याओ यानला विचारा. तर तू लिहून दे. तू लिहिशील तसंच मी जाईन. आणि शेवटी, जणू लिहिता लिहिता आठवलं म्हणून: 'शेवटच्या आठवड्यात तापात ती दोनदा विचारत होती, यानचं उत्तर आलं का. कार्डाबद्दल म्हणत असेल. मी सांगितलं, येईल.'

तेंगचोंगची वाट यानला कागदाशिवाय माहीत होती. शेनयांगहून कुनमिंग, कुनमिंगहून तेंगचोंग. पण नव्या हंगामाच्या वेळा बदलल्या असणार, आणि पुस्तिका आता कुणी छापत नाही. दवाखान्यातून औषध घेऊन घरी आल्यावर, कानाच्या पाळ्या अजून तापलेल्या असतानाच, त्यानं चौकशीला फोन लावला. मुलगी गोड होती. "कुनमिंगहून तेंगचोंगला दोनच थेट आहेत आजोबा. अकरा वीस आणि सतरा वीस." यानला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. त्यानं सांगितलं, एकेक आकडा सांग पोरी, सावकाश. "याव, याव, लियांग, लिंग," ती म्हणाली, शून्याला तुंग न म्हणता घरगुती लिंग. "आणि दुसरं, याव..." आणि त्यापुढं त्याला स्वच्छ 'ई' ऐकू आलं.

"क्वाय म्हण."

"काय म्हणू?"

"सात. तारेवर साताला क्वाय म्हणायचं."

"तार कुठंय आता आजोबा," मुलगी हसून म्हणाली, पण म्हणाली: "क्वाय. याव, क्वाय. झालं?"

झालं. याननं आभार मानून फोन ठेवला आणि दोन्ही वेळा कागदावर एकाखाली एक लिहिल्या. अकरा वीस. सतरा वीस. त्यांच्याकडे तो बघत बसला. फाङवहिनींच्या घरात कुणीतरी लसूण ठेचत होतं. भिंतीपलीकडून तो ठक ठक आवाज येत होता. खालच्या पट्टीतला, ऐकू येणारा. अडतीस वर्षांनी तेच दोन आकडे पुन्हा त्याच्या टेबलावर आले होते, आणि या वेळी वाचणारं कुणी नव्हतं. भरणारा तेवढा होता.

आणि यानला एक गोष्ट माहीत होती, जी खिडकीतल्या मुलीच्या पडद्यावर नव्हती. वसंतात त्या पठारावर दुपारनंतर आडवा वारा सुटतो. निवृत्त झाल्यानंतरही तो अशा बातम्या कापून वहीत चिकटवत असे, दुसरं काही करण्यासारखं नव्हतं म्हणून. संध्याकाळचं विमान डोंगरावर जाऊन दोन-तीन घिरट्या घालतं आणि पुष्कळदा कुनमिंगला परत येतं. म्हणजे असं: नव्याण्णवाव्या दिवशी सकाळी शेनयांगहून निघायचं, चारच्या सुमाराला कुनमिंग, मधे तासाभराहून अधिक वेळ, धावपळ नाही, मग सतरा वीस. एका दिवसात घरपोच. म्हाताऱ्या माणसाची किती काळजी घेतली म्हणून खौ आभार मानील. आणि वारा सुटला, की विमान परत. दुसऱ्या दिवशी अकरा वीसचं मिळेल, ते साडेबाराला उतरेल. बारा टळलेले. कुणीही दोष देऊ शकणार नाही. कागदावर सगळं बरोबर. वारा काय यानच्या ताब्यात होता?

त्यानं पेन उघडलं आणि खौला कुनमिंगच्या बाकावर बसवलं. किती वर्षांनी इतकं स्पष्ट दिसत होतं! मांडीवर निळ्या कापडाची पिशवी, पिशवीत तो डबा, तोंडात दात उरलेत की नाहीत कोण जाणे, पण बिया नाहीत. पडद्यावर लाल अक्षरं. खौ उठतो, खिडकीशी जातो, परत येतो. घड्याळ बघतो. आता भावाला फोन करावा लागेल. यान ते तपशील एकेक करून चाखत होता, आणि त्याला बरं वाटत होतं, पोटात कढत पेज गेल्यासारखं बरं. पिशवीत कोण आहे हे त्याला ठाऊक होतं. असू दे. तीही त्या खोलीत होती. तीही टंकत राहिली, लग्न केलं, पुड्या वाटल्या. बसू दे दोघांना बाकावर. मग खौनं फोन लावला. म्हाताऱ्या मेव्हण्याला तो काय म्हणाला, हे यानला त्याच भरदार आवाजात ऐकू आलं, दवाखान्यात, फोनवर आज काहीही ऐकू आलं नव्हतं इतकं लख्ख: "श्याओ यानचं काम हे. पूर्वीपासून असाच. त्याला एकाचं सात ऐकू येतं." आणि पलीकडून मेव्हणा हसला.

यानचं पेन थांबलं. अडतीस वर्षांत त्यानं खौला जिथं जिथं अडकवलं तिथं तिथं वेळ बरोबर होती, चूक खौची होती. ही पहिलीच वाट अशी होती, जिच्यावर चूक यानची असणार होती. सतरा वीस लिहिताक्षणी ती कबुली खरी होत होती. माझ्या कानाच्या निष्काळजीपणामुळे. त्रेचाळीस माणसांपुढं वाचलेली, आता तो स्वतःहून, आपल्या अक्षरात पुन्हा लिहीत होता. आणि पिशवीतली बाई, जिनं 'मी ऐकलं' असं लिहिलं होतं, तीही खोटी ठरत होती. तिला खोटी ठरवण्याचं काम त्यानं आजवर एकट्यानं केलं होतं. आता तो खौची मदत घेत होता. पुन्हा एकदा. आणि या वेळी त्याच्याकडून आभार मानून घ्यायला बसला होता.

नाही. खौला हे मिळता कामा नये. त्याला मिळायला हवं ते बिनचूक वेळापत्रक; इतकं बिनचूक, की त्यात बोट ठेवायला जागा सापडू नये, आणि प्रत्येक ओळीपाशी त्याला तो सोमवार आठवावा. याननं नवा कागद घेतला. आज इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याला कच्चं लिहावं लागलं नाही.

'खौ थिंग,' त्यानं लिहिलं. 'नव्याण्णवाव्या दिवशी नाही, अठ्ठ्याण्णवाव्या दिवशी शेनयांगहून निघायचं. रात्री कुनमिंगला मुक्काम, विमानतळाजवळच. नव्याण्णवाव्या दिवशी सकाळच्या विमानानं तेंगचोंग. दुपारनंतर तिथं वारा असतो, म्हणून संध्याकाळचं घ्यायचं नाही, कुणी कितीही सांगितलं तरी. मृत्यूचा दाखला आणि दहनाचा दाखला वरच्या खिशात ठेव. तिकीट काढतानाच सांग की राख बरोबर आहे. डबा यंत्रातून जाऊ देतील असा हवा, लाकडी घे, धातूचा नको. तो सामानात द्यायचा नाही. कुनमिंगला दारं फार लांब लांब आहेत, चाकाची खुर्ची मागायला लाजू नकोस. सकाळच्या विमानाची वेळ: याव याव लियांग तुंग. तिकिटाच्या खिडकीवर ती मोठ्यानं, अशीच सांग. ई म्हणू नकोस. पुढच्याला सात ऐकू येतं.' खाली त्यानं सही केली: लाओ यान. थोरला यान. चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्याला कुणाचीही परवानगी लागत नव्हती.

मग तो उठला, शब्दकोशाच्या मागून जुनी फाइल काढली आणि तिच्यातून निळा चतकोर काढला. घड्या पडून तो मधे पातळ झाला होता. 'सांगू का?' शाई तपकिरी पडली होती, प्रश्नचिन्ह मात्र अजून जिथल्या तिथं होतं. कितीतरी वेळ तो ते बघत राहिला. तापात दोनदा विचारलं. म्हणजे गंमत नव्हती. म्हणजे दारापाशी, यंत्राच्या खडखडाटात, तिला ऐकू आलं होतं, आणि त्या सकाळी तिनं मान वर केली ती उत्तरासाठी; आणि ती नजर खरंच फार वेळ होती, त्याचा अंदाज बरोबर होता. त्याचा कानही बरोबर होता. याचा आनंद व्हायला हवा होता. त्यानं चतकोर परत फाइलीत ठेवला. तो खौला दाखवायचा नव्हता. खौला पुरावा दिला तर तो पुराव्याशी बोलेल, विनोद करील. खौला पुरावा नको, शंका हवी. शंका कशी राहते, किती वर्षं राहते, कुठं कुठं बरोबर येते, हे यानइतकं कुणाला माहीत होतं?

त्यानं एक कोरा कागद घेतला आणि दहावं उत्तर लिहिलं. एकच शब्द. आयुष्यात त्यानं तिला कधी 'तू' म्हटलं नव्हतं; नावापुढं सरकलेल्या आठही उत्तरांत 'तुम्ही' होतं, आणि कदाचित म्हणूनच ती पुरी झाली नव्हती. त्यानं लिहिलं: 'सांग.'

कागद घडी करून त्यानं लहान पाकिटात घातला आणि वर लिहिलं, 'शाङ ह्वेयुन हिला. थडग्यापाशी जाळावं. उघडू नये.' पाकिटाला त्यानं खळ लावली ती बोटाच्या टोकावर मावेल इतकीच, मधोमध एक ठिपका. खोलीत असताना खौ दुसऱ्याच्या नावाची पाकिटं खिडकीच्या उजेडात धरून बघत असे, आणि ओलसर असली तर उघडतही असे. "खात्याचं पाकीट ते सगळ्यांचं," असं म्हणत. ती सवय गेली नसणार. शेनयांगला, कुनमिंगच्या मुक्कामात, किंवा त्या बाकावर, पिशवी मांडीवर घेऊन. तो ठिपका सुटेल आणि आत 'सांग' एवढंच असेल. काय सांग? कुणाला? ती काय जाणत होती? तापात कुठलं उत्तर मागत होती? ती पिशवीत असेल आणि बोलणार नाही. खौ ते पाकीट पुन्हा चिकटवील, थडग्यापाशी भावासमोर जाळील, आणि घरी परत येईल. परतीच्या सगळ्या वाटांनी, सगळ्या विमानतळांवरून, तो शब्द त्याच्या शेजारच्या जागेवर बसून येईल. आणि खौनं नाहीच उघडलं, तर जाळलेलं मेलेल्यांना पोचतं म्हणतात तसं ते तिला मिळेल. याननं दोन्ही बाजूंनी विचार केला. दोन्हीकडे वेळ बरोबर जुळत होती.

लहान पाकीट मोठ्यात घालून तो खाली निघाला. दारात फाङवहिनी भेटल्या. हातातलं पाकीट बघून म्हणाल्या, "झालं वाटतं उत्तर! चांगलं लांबलचक लिहिलंत ना?" यान म्हणाला, "नाही. एका शब्दाचं." वहिनी म्हणाल्या, "मग एवढं जाड पाकीट?" तो जिना उतरू लागला, कारण त्याला स्वतःलाच हसू येत होतं आणि ते त्याला आवडत नव्हतं. कोपऱ्यावरची हिरवी टपालपेटी धुळीनं करडी झाली होती. तिच्यावर टपाल काढण्याच्या वेळा लिहिल्या होत्या, त्या त्यानं वाचल्या. अजून वेळ होता. परत जाऊन खळ नीट लावायची म्हटली तरी होता.

त्यानं पाकीट फटीत सरकवलं. ते अर्ध्यात अडकलं. दोन बोटांनी ढकलल्यावर हातातला भार गेला. आत ते पडल्याचा आवाज झाला की नाही, हे त्याला कळलं नाही. रस्ता वाहत होता, आणि कागद पत्र्यावर पडतो तो आवाज वरच्या पट्टीतला. दाराच्या कुलपाशी परत यावं तसा तो पेटीकडे परत वळला. मग त्यानं झडप उचलली, मनगटापर्यंत हात आत घातला आणि चाचपून पाहिलं. काही लागलं नाही.